काकाचे काळे केस

माझ्या काकाचे केस पिकले तेव्हा तो कॉलेजात होता. टायफाइड झाला, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिला, आणि उठला तो कानांच्या वर पांढरे घेऊनच. मग ते थांबायचं नाव घेईनात. तिशी येईतो डोकं सगळं पांढरं आणि चेहरा मात्र कोवळा, असं काहीतरी विचित्रच दिसे. तो सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू, म्हणजे कारकून होता. कामासाठी खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं खुर्चीतल्या साहेबाला सोडून आधी त्यालाच हात जोडायची. तो हसून घ्यायचा. मला राग यायचा. राग मला तेव्हाही लवकर यायचा आणि आताही येतो, पण काकाच्या बाबतीतला राग वेगळा होता, कारण तो स्वतः कधी रागवायचा नाही.

केसांनी त्याचं लग्न अडवलं. मुली पाहायला जायचं, पोहे खायचे, परत यायचं आणि मग निरोपाची वाट पाहायची, असं चाललं होतं. रामाकोन्याला एकदा माझे आजोबा, माझे वडील आणि काका असे तिघे गेले. आजोबांना आम्ही सगळी नातवंडं आबा म्हणायचो आणि त्यांचे दोन्ही मुलगे त्यांना बाबूजी म्हणायचे. तिथे मुलीच्या मावशीनं पाण्याचे पेले ठेवले आणि माझ्या वडिलांकडे पाहून म्हणाली, "नवरदेव चांगला हाये. अन् हे मोठे भाऊ असन?" मोठे भाऊ म्हणजे काका. बाबांनी घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा ते हसत होते, आईही तोंडाला पदर लावून हसली. काका त्या दिवशी जेवायला आला नाही. आबांनी ताटावरून उठून त्याच्या खोलीचं बंद दार पाहिलं आणि पुन्हा येऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न आपल्या हाती घेतला.

आधी मेंदी झाली. आईनं लोखंडी कढईत रात्रभर भिजवली, काकाच्या डोक्यावर थापली आणि दुपारी धुतली. पांढऱ्या केसांवर मेंदीचा रंग कसा चढतो हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. काकाचं डोकं नारिंगी झालं. आमचा मुलूख संत्र्यांचा, तेव्हा लोकांना आयतंच सापडलं. कचेरीतला चपराशी म्हणाला, "बाबूची बाग तोडाले आली." आठ-पंधरा दिवस गावाला तेवढाच विषय होता. काकानं डोक्याला दुपट्टा गुंडाळून दिवस काढले.

मग आबा अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं नागपूरला गेले. संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे काम आहे म्हणाले. परत आले ते कोटाच्या आतल्या खिशात एक पुडकं घेऊन. केस रंगवायची काळी पावडर, खिजाब. आबा स्वतः धोतर-टोपीतले, मिशा पांढऱ्या, आयुष्यात आरशात कधी नीट न पाहिलेले. पण दुकानदाराला त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं. किती पाणी घालायचं, किती वेळ ठेवायचं, गडद काळा घ्यायचा की तपकिरी. तपकिरी त्यांनी नाकारला. "तपकिरी केस इंग्रजाचे राह्यते," एवढंच त्यांचं म्हणणं.

लावायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. घरात आई होती, पण दिराच्या डोक्याला हात लावायला ती लाजायची. मागच्या अंगणात न्हाणीजवळ काका पाटावर बसायचा, खांद्यावर फाटकं पोतं. मी एका फुटक्या वाटीत पावडर कालवायची आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं भांगाभांगानं लावायची. समोर लाकडी बाकावर आबा बसायचे. त्यांचं लक्ष बारीक. "कानामागचं राहिलं," हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. कपाळावर डाग पडला की चुलीतली राख घेऊन स्वतः पुसायचे. एवढा मोठा मुलगा आणि बाप त्याचं कपाळ पुसतोय हे पाहून मला हसू यायचं. काका डोळे मिटून घ्यायचा.

रंग लावणं सोपं होतं, सांभाळणं कठीण. दोन रविवार गेले की मुळाशी पांढरी रेघ दिसायची. उशीचे अभ्रे काळे, टॉवेल काळे, सदऱ्यांच्या कॉलर काळ्या. आई धुताना पुटपुटायची. डोकं खाजायचं ते वेगळं. काका कचेरीत खाजवत नसे आणि घरी आला की ताकानं डोकं धुवायचा. मला त्या कामाचा कंटाळा यायचा, माझ्या नखांतल्या काळेपणाबद्दल शाळेत मुली विचारायच्या, पण काका आरशात पाहायचा तेव्हा त्याचा चेहरा असा काही व्हायचा की मी गप्प बसायची.

आणि सोयरीक जमली. पांढुर्ण्याची मुलगी, तिशीला टेकलेली, शाळेत शिकवणारी. वडील कापसाची शेती करणारे, कमी बोलणारे. पाहायला मीही गेले होते. मुलीनं मान खाली घातली नाही, काकाकडे सरळ पाहिलं, त्याच्या केसांकडेही पाहिलं असं मला वाटलं. आठवड्यात होकार आला. मध्यस्थ म्हणून आमचाच एक दूरचा नातेवाईक होता, त्यानं येऊन तोंड गोड केलं. काका म्हणाला, "केसाचं सांगून टाकू का त्याईले?" आबा म्हणाले, "लग्न होऊ दे. मंग सांगजो. मंग कोन पाह्यते?" तुळशीचं लग्न झालं की यांचं, असं ठरलं.

पोळा झाला आणि आबा गेले. सकाळी बागेत विहिरीच्या कठड्यापाशी बसले ते उठलेच नाहीत. मला आबांचं जे दुःख झालं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते माझं मला पुरे आहे. मला सांगायचंय ते पुढच्या दिवसांचं.

सुतकात तेल नाही, दाढी नाही, तिथे रंग कुठून असणार? काकाच्या गालांवर पांढरी दाढी आली, केसांच्या मुळाशी पांढरं दिसू लागलं. भेटायला येणारे सगळे गावातले आणि भाऊबंदातले, त्यांना त्याचं काही नव्हतं. काका कोपऱ्यात घोंगडीवर बसून असायचा. रडला नाही. लोक म्हणत, याला फार लागलं आहे. लागलं होतंच, पण त्याच्या मनात आणखी एक गोष्ट फिरत होती, आणि ती नवव्या दिवशी संध्याकाळी बाहेर आली.

बाबा दुसऱ्या दिवशीची तयारी सांगत होते. नदीवर कोण कोण येणार, न्हाव्याला कुणी सांगितलं. आमच्याकडे दहाव्याला मुलगे आणि भाऊबंद नदीवर केस देतात, म्हणजे डोकं भादरतात. ज्याचा बाप जिवंत त्याच्याच डोक्यावर केस राहतात. तेरवीला मग सोयरे येतात आणि उघड्या डोक्यावर आपल्या हातानं नवी टोपी ठेवतात, खांद्यावर दुपट्टा घालतात.

काका म्हणाला, "भाऊ, मी केस नाही देत."

"काय म्हनून राहिला तू?"

"तेरवीले पांढुर्ण्याचे पाहुणे येऊन राहिले. पोरीचा बाप सोताच्या हातानं माह्या डोक्शावर टोपी ठेवन. तवरीक खुंट वर येते. पांढरेफटक. त्याले काय सांगू मी?"

"सांगजो, पिकले म्हनून."

"अन् सोयरीक मोडली तं?"

"मोडली तं मोडली. बाप एकच असते."

काका म्हणाला, "हे सारं बाबूजीनंच केलं ना भाऊ? नागपूरले कोन गेलं होतं? त्याईलेच हे लग्न पायजे होतं. त्याईच्यासाठी केस देऊ अन् त्याईचीच इच्छा मोडू का?"

बाबा उठून अंगणात गेले. मला काकाचंच पटलं होतं. इतके रविवार मी ज्यासाठी घासले ते एका वस्तऱ्यानं जाणार, हेही त्यात होतंच. शिवाय घरात मौत झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर लांबणीवर टाकायचं, असा आमच्याकडचा रिवाज. ही सोयरीक गेली तर काकाला दुसरी कोण देणार होतं? आई म्हणाली, "नदीवर गेल्यावर देईनच तो. सारे देतात तं एकटा कसा बसन?"

आम्ही बाया घरीच होतो. दुपारी माणसं नदीवरून परतली. गल्लीच्या तोंडाशी मी उभी होते. ओल्या धोतरांत, अनवाणी, खाली मान घालून ती रांग येत होती. सगळी डोकी उघडी, उन्हात चमकणारी. बाबांचं तसं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं, कानांपासून वर सगळं नागवं वाटत होतं. आणि त्या रांगेत मधोमध एक काळं डोकं. दाढी केलेली, नखं कापलेली आणि केस तसेच. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. त्याच्या पुढचा माणूस पुढे निघून गेला होता, मागचा मागे राहिला होता. तोवर मला काकाचं पटत होतं, पण त्याला तसा चालताना पाहिलं आणि पटेनासं झालं.

बाबा त्याच्याशी बोलेनासे झाले. ओसरीवर बसलेली एक म्हातारी आत्या मोठ्यानं म्हणाली, "रंगासाठी बापाले केस नाही देल्ले मायबाई." काकानं ऐकलं. तो न्हाणीकडे गेला आणि मला हाक मारली.

त्याला केस रंगवून हवे होते. मुळाशी पांढरं दिसत होतं आणि तेरवी तोंडावर आली होती. आई आडवी आली. "घरात अजून दिवा जळून राहिला बाबूजीचा. अन् तुमी खिजाब लावता?" काका तिला म्हणाला, "वयनी, आता मांगं फिरून काय होते? केस ठेवले त्याचा फायदा तं होऊ दे." तो हे असं बोलला की आई बाजूला झाली. मी वाटी घेतली.

तो पाटावर बसला. मी ब्रश चालवत होते. समोरचं बाक रिकामं होतं. दोघांनीही तिकडे पाहायचं टाळलं. वाटी संपत आली तरी कुणी काही बोललं नाही, आणि मला एकदम कळलं की मी वाट पाहतेय. कानामागचं राहिलं, असं कुणीतरी म्हणेल याची. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि पुढचं मला नीट दिसेना. कसंबसं उरकलं. कपाळावरचा डाग काकानं स्वतःच राख घेऊन पुसला.

तेरवीला पांढुर्ण्याहून मुलीचे वडील आले, सोबत तिचा चुलता आणि मध्यस्थ. आबांच्या फोटोला हार घातला. मग टोप्यांचा कार्यक्रम सुरू झाला. बाबा पाटावर बसले, त्यांच्या शेजारी काका. बाबांच्या डोक्यावर माझ्या मामांनी टोपी ठेवली. मुलीच्या वडिलांनी पिशवीतून नवी पांढरी टोपी काढली, घडी मोडून दोन्ही हातांत धरली आणि काकासमोर आले. तिथे थांबले.

काळ्याभोर, भांग पाडलेल्या केसांवर ती टोपी ठेवायची कशी हे त्यांना समजेना. मी दारात उभी होते, मला काकाची मान मागून दिसत होती आणि डाव्या कानामागे राहिलेला पांढरा पट्टाही दिसत होता. त्यांनी बाबांना हळूच विचारलं, "लहाने भाऊ नदीवर नोयते का?"

बाबा म्हणाले, "होते."

त्यांनी मान हलवली. टोपीची पुन्हा घडी घातली आणि ती आबांच्या फोटोसमोर ठेवून दिली. दुपट्टाही तिथेच ठेवला. पंगतीला बसले, जेवले, हात धुतले, आईला नमस्कार केला. लग्नाच्या तारखेचा विषय कुणी काढला नाही. काका त्यांना बसपर्यंत सोडायला गेला आणि परत आल्यावर म्हणाला, "केसाचं काही बोलले नाही. त्याईले समजलं नाही वाटते." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हात उचलतात. तेही झालं नाही.

पुढच्याच आठवड्यात मध्यस्थ आला. बसलाही नाही. म्हणाला, "त्याईचं म्हननं हाये, का ज्यानं बापाले केस नाही देल्ले त्याच्या घरी पोरगी कशी द्याची?" चहा न घेताच गेला. आईनं फोटोसमोरची टोपी उचलली आणि काकाला म्हणाली, "सोयरीक नाही तं त्याईची टोपी घरात नाही ठेवत. पोहोचती करा."

त्यानंतर काकानं काय केलं ते मला आठवलं की अजून कसंतरी होतं. त्याला तो रंग काढायचा होता. धुण्याचा सोडा घेऊन न्हाणीत बसला आणि डोकं घासलं. मग संत्र्याच्या वाळल्या सालींचा काढा, मग लिंबू आणि मीठ. टाळू सोलवटून लाल झाली. मी त्याच्या हातातून तांब्या काढून घ्यायला गेले तर मला म्हणाला, "निघत काऊन नाही वं हे?" रंग किती दिवस टिकतो ते दुकानदारानं आबांना सांगितलं होतं, काढायचा कसा ते कुणी विचारलंच नव्हतं. काळे केस गंजल्यासारखे तांबूस झाले, पांढरे काही होईनात. दुसऱ्या सकाळी तो कुणाला न सांगता नदीवर गेला आणि केस देऊन आला. दहाव्याला बसला असता त्याच जागी बसला होता, असं न्हाव्यानं नंतर बाबांना सांगितलं.

तीन-चार दिवसांनी, शनिवारी, तो टोपी परत करायला पांढुर्ण्याला निघाला. आईनं त्याला एकटं जाऊ दिलं नाही, मला सोबत पाठवलं. त्याच्या डोक्यावर पांढरे खुंट आले होते. उन्हात ते मिठासारखे दिसत होते. त्यानं दुपट्टा गुंडाळला नाही.

मुलीचे वडील शेतावर गेलेले. तिनंच दार उघडलं. काकाच्या डोक्याकडे पाहिलं, आत बोलावलं, पाणी दिलं. काकानं टोपी काढून खाटेवर ठेवली. "मले माफी मांगाची हाये," म्हणाला. "मी केस रंगवत होतो. हे असे हायेत माहे केस."

ती म्हणाली, "माहीत हाये. मध्यस्थानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. बाबा म्हनत होते, पाह्य बाई, तुले चालते का? मी म्हटलं, असू द्या."

काका तिच्याकडे पाहतच राहिला. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. ते सगळे रविवार, ते अभ्रे, ती रांग.

"माह्या बाबाले तुमी बापाले केस नाही देल्ले ह्याचा राग आला," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण टोपीच्या घडीवर ती अंगठा फिरवत होती. "माहं तसं नाही. तुमाले वाटलं, मी पांढऱ्या केसाईसाठी सोयरीक मोडन. बापाच्या मौतीवर तुमाले माहं भेव वाटलं. मंग पुढं तुमी माह्यासंगं कसे राह्यले असते?"

मी मनात म्हणत होते, बोल, काहीतरी बोल, एवढी वेळ गेली की गेलं. त्यानं पेल्यातलं पाणी संपवलं, पेला जागेवर ठेवला आणि उठला. ती दारापर्यंत आली. मला म्हणाली, "मन लावून शिकजो वं." एवढंच.

परतीच्या बसला गर्दी होती. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाची माणसं चढली, कपाळांवर शेंदूर, हातांत नारळाची खांडं. एक म्हातारी आमच्या सीटपाशी उभी राहिली. काकानं तिला जागा करून दिली आणि तो दांड्याला धरून उभा राहिला. तिनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"कोन गेलं बापू?"

"बाप."

"कधी?"

काकाला हे सांगता येईना. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि तो वाकला, तसा म्हातारीनं हात वर करून त्याच्या खुंटांवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. तेरवीला न रडलेला माझा काका भर बसमध्ये, माणसांच्या गर्दीत, मोठ्यानं रडला. लोक वळून पाहू लागले. कंडक्टरनं तिकिटं फाडायचं थांबवलं. मी त्याचा सदरा धरून होते. म्हातारी आजूबाजूच्यांना सांगत होती, "बाप गेला त्याचा. आताच गेला."